मंडळीची नोकरी सोडून आजाऱ्यांच्या सेवेत जावं का? नवं पाचारण पारखायचं कसं?

कंपाउंडमधली सेविका

सर्वांना सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मोठ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पगारी सेविका आहे. मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑफिस, शब्बाथ शाळा (मुलांचं संडे स्कूल) आणि घरभेटी ही तीन कामं माझ्याकडे. बाप्तिस्म्याची, लग्नांची, दफनाची रजिस्टरं माझ्या कपाटात असतात. कुणाला दाखला हवा असला की आजोबांच्या काळातली वही काढायची, पुसट झालेल्या शाईतून नाव शोधायचं, पाळकसाहेबांची सही घ्यायची. रविवारी उपासनेनंतर दोन पंचांसोबत (मंडळीच्या कारभारी सभासदांसोबत) बसून अर्पण मोजायचं. कापणीच्या सणाला लिलावाची यादी मीच करते. कुणी बाजरीचं पोतं आणतं, कुणी लिंबांची पाटी, कुणी कोंबडा. एकाच कोंबड्यावर दोन-तीनदा बोली लागते, कारण घेणारा तो पुन्हा मंडळीलाच देऊन टाकतो. हे काम मला मनापासून आवडतं. कंटाळून किंवा भांडून निघालेय असं कुणी समजू नये, म्हणून एवढं सांगितलं.

माझी आजी मिशनच्या काळात बायबल वुमन होती. नऊवारी नेसून, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका घेऊन वाड्यावस्त्यांवर जायची. माझा जन्म याच मिशन कंपाउंडमधला. लग्नानंतर काही वर्षं बाहेर होते, मग नोकरी लागली आणि दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. मिस्टर शाळेची बस चालवतात. मुलगा बारावीला आहे.

आता मुद्द्याचं.

पाळकसाहेब आजारी माणसांना घरी प्रभुभोजन द्यायला जातात तेव्हा मी सोबत असते. आमच्या मंडळीतल्या एका आजींना गालाचा कॅन्सर झाला होता. आयुष्यभर मिश्री लावलेली. डॉक्टरांनी आता काही करता येणार नाही म्हणून घरी पाठवलं होतं. मागच्या खोलीत त्यांची खाट. जखम गालातून बाहेर आलेली, आणि तिचा वास असा की सून दारातच उदबत्ती लावून ठेवायची. नातवंडं आत यायची नाहीत. आम्ही गीत म्हणायचो, साहेब प्रार्थना करायचे, भाकरीचा कणभर तुकडा द्राक्षारसात भिजवून ओठाला लावायचे आणि आम्ही निघायचो. आजी दर वेळी माझा हात धरून ठेवायच्या. तो सोडवून घेताना जीव नकोसा व्हायचा.

एकदा आम्ही तिथे असतानाच एका ट्रस्टच्या गाडीतून नर्स आली. हे लोक घरोघरी जाऊन असाध्य आजाराच्या पेशंटची काळजी घेतात, पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याला. तिने जखम मिठाच्या पाण्याने हळूहळू धुतली. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चमच्याने कुटल्या, ती पूड जखमेवर भुरभुरली, वर गॉज ठेवला. सुनेला समोर बसवून तिच्याच हातून पुन्हा करून घेतलं. काही दिवसांनी मी गेले तर उदबत्ती नव्हती. धाकटा नातू खाटेवर आजीच्या पायाशी बसून पाढे लिहीत होता.

त्या दिवसापासून मला चैन नाही. सोमवार माझा सुट्टीचा वार. दीडेक वर्ष झालं, जमेल तेव्हा सोमवारी मी त्या गाडीतून जाते. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, चादर न ओढता कशी बदलायची, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तोंड कसं साफ करायचं, हे शिकले. बरंचसं काम ऐकून घेण्याचं असतं. घरचे सांगतात, ‘त्यांना आजाराचं नाव सांगू नका’, आणि पेशंट हळूच विचारतो, ‘मला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे ना?’

आता ट्रस्टने विचारलंय, पूर्णवेळ येता का. मंडळीत मला चौदा हजार मिळतात, तिथे बारा मिळतील. क्वार्टर जाईल. मिस्टर म्हणतात, ‘तू जा, पण आधी डोक्यावरच्या छपराचं बघू.’

मी एका ज्येष्ठ पंचांजवळ मन मोकळं केलं. ते म्हणाले, ‘नांगराला हात घालून मागे पाहू नये, बाई.’ महिला मंडळातल्या एकीने विचारलं, ‘देवाचं काम सोडून एनजीओत चाललीस?’ हे दुसरं वाक्य फार लागलं. मला तर वाटतंय की बोलावणारा तोच आहे. पण वाटणं आणि असणं यातला फरक कसा ओळखायचा? मंडळीला सांगायचं कसं, कुणाला आधी? आणि क्वार्टर, पीएफ यांचं काय? जे यातून गेले आहेत त्यांनी कृपा करून लिहा.

---

तरुण पंच

ताई, सलाम. मी दुसऱ्या मंडळीत पंच आहे आणि मला तुमच्या निर्णयाबद्दल शंका आहे, ती स्पष्ट लिहितो.

आमच्याकडे गेल्या काही वर्षांत असंच झालं. संडे स्कूलच्या मॅडम गेल्या, क्वायर शिकवणारे सर गेले. प्रत्येकाला पाचारणच होतं. आता लहान मुलांच्या वर्गाला कुणी उभं राहत नाही. मोबाइलवर गोष्टी लावून देतात. तुमच्याकडची शब्बाथ शाळेतली मुलं तुम्हाला ओळखतात, तुमच्या आवाजाची त्यांना सवय आहे. आजाऱ्यांसाठी ट्रस्ट आहे, त्यांना दुसरी बाई मिळेल. मुलांसाठी कोण आहे?

सोमवारी जाताच आहात, ते चालू ठेवा. दोन्ही होईल. नोकरी सोडलीच पाहिजे असं का?

---

निवृत्त पाळक

बाई, तुम्हाला सलाम, आणि वरच्या भावालाही. त्यांची काळजी खरी आहे, तिच्याकडे मी शेवटी येतो.

मी चाळीसच्या वर वर्षं पाळकी केली. या काळात मंडळीची सेवा सोडून जाणारी पुष्कळ माणसं पाहिली, काहींचे राजीनामे मीच वाचून दाखवले. त्यातून जे कळलं ते लिहितो.

आधी नांगराचं. ते वचन तुमच्या पंचांनी चांगल्या मनाने सांगितलं असेल, पण प्रभूने नांगर म्हटल्यावर ऐकणाऱ्या यहूद्यांना अलीशा आठवला असणार. पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढा. अलीशा बैलांच्या बारा जोड्या लावून शेत नांगरत होता. एलीया संदेष्ट्याने जाता जाता आपला झगा त्याच्यावर टाकला. अलीशाने काय केलं? आईबापांचा निरोप घेतला, बैलांची जोडी कापली, नांगराच्याच लाकडावर मांस शिजवलं, लोकांना जेवू घातलं आणि गेला. म्हणजे पाचारण आलं तेव्हा त्याने नांगर सोडलाच. ज्या नांगरावर देवाने हात ठेवायला सांगितला तो कुठला, हा खरा प्रश्न आहे. तो पंचांनी तुमच्यासाठी ठरवायचा नाही, आणि मीही ठरवणार नाही.

आपल्या नगरचंच उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा. नगरला ते सेमिनरीत शिकवत, पुढे ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचा मराठी भागही सांभाळला. मान होता, घर होतं, महिन्याचा पगार होता. १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला गेले. ‘देवाचा दरबार’ त्यांना उभा करायचा होता, जिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येशूच्या नावाने एकत्र बसतील. पुढे दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. दरबार त्यांच्या मनासारखा उभा राहायला वेळ मिळाला नाही. तरी त्यांनी देवाचं काम सोडलं असं कुणी म्हणत नाही. त्यांची भजनं आपण दर रविवारी गातो.

पण टिळकांचं नाव घेऊन जे उडी मारतात त्यांना मी दुसरी बाजूही सांगतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि त्यांच्या प्रत्येक निर्णयाची ओढाताण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली. पाचारण एकाला होतं, किंमत घरातले सगळे देतात. तुमचे मिस्टर छपराचं बोलले, तो अविश्वास समजू नका. तुमच्या पाचारणात तेवढा वाटा त्यांचा आहे.

पारखायचं कसं विचारलंत. माझ्याकडे कुणी आलं की मी आधी हे बघायचो की ओढ कधी सुरू झाली. पंचांशी खटका उडाल्यावर, पगार थकल्यावर, नव्या पाळकांशी न पटल्यावर जे पाचारण येतं त्याला मी सहा महिने थांबायला सांगायचो. बहुतेक वेळा भांडण मिटलं की ते मावळायचं. तुमचं तसं दिसत नाही. इथलं काम गोड लागत असताना तुम्हाला तिकडची ओढ आहे आणि ती दीड वर्ष टिकली आहे. शिवाय तुम्ही नुसतं स्वप्न पाहत बसला नाहीत, सुट्टी खर्चून घाणीत हात घातलात. आणि तिसरं, तिकडच्या माणसांनी तुम्हाला बोलावलं, तुम्ही अर्ज केला नव्हता. या तीन गोष्टी एकत्र मी फार क्वचित पाहिल्या.

सांगण्याचा क्रम. आधी पाळकसाहेब, एकट्यांना, घरी जाऊन. त्यांना हे बाहेरून कळलं तर पुढचं सगळं अवघड होईल. पंचांपैकी एकाला तुम्ही सांगून बसला आहात, तेव्हा उशीर करू नका. मग सेक्रेटरींना लेखी राजीनामा, त्यानंतर पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीची कार्यकारिणी. आणि साहेबांना एक विनंती करा: शेवटच्या रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना करून तुम्हाला पाठवावं. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केलं होतं. ती दोघं त्या मंडळीची चांगली माणसं होती, त्यांच्या जाण्याने तिथेही वर्ग ओस पडले असतील. तरी मंडळीने उपास केला, प्रार्थना केली आणि पाठवलं. ‘सोडून गेली’ आणि ‘आम्ही पाठवली’ यात पुढच्या वीस वर्षांच्या बोलण्याचालण्याचा फरक पडतो.

आता वरच्या भावाचं. मुलांचा वर्ग ओस पडू नये हे बरोबर. पण एका बाईवर चालणारी शब्बाथ शाळा ही मंडळीची उणीव आहे, ती त्या बाईच्या पायात बांधू नये. बाई, तुम्ही निघायच्या आत दोन मुलींना तयार करा. ते तुमच्याकडून व्हायलाच हवं.

---

मिरजची परिचारिका

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, नंतर बरीच वर्षं कॅन्सर वॉर्ड आणि आता होम केअर. पाळकसाहेबांनी आत्म्याचं सांगितलं, मी कामाचं सांगते.

‘सोमवारी जाताच आहात, तेवढं पुरे’ हे मला पटत नाही. पेशंटचं दुखणं वार बघून येत नाही. ज्या पेशंटला तुम्ही सोमवारी भेटलात तो पुढच्या सोमवारी असेलच असं नाही. हे काम अर्धवेळ करणाऱ्यांची गरज आहेच, केरळात तर स्वयंसेवकांच्या जिवावर हे उभं आहे. पण गाडी, औषधं, नोंदी, रात्रीचे फोन सांभाळायला कुणीतरी पूर्णवेळ लागतंच.

तुम्ही नर्स नाही, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट ठेवा, घरच्यांपाशी जास्तच. चाळिशीत एएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या छोट्या कोर्सची, वाट बंद आहे, तिथे वयाची अट पस्तिसाची आहे. पण तुमचं काम वेगळं आहे. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे पेशंटला विचारून लिहायचं. पाठीवर, माकडहाडापाशी, टाचांना लाल डाग दिसतो का बघायचं, कारण बेडसोअर तिथे सुरू होतो आणि दर दोन तासांनी कूस बदलली तर पुष्कळदा टळतो. मॉर्फिन चालू असेल तर शौचाला कधी झालं ते रोज विचारायचं. मॉर्फिनने पोट घट्ट होतं, म्हणून त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध जवळजवळ नेहमीच द्यावं लागतं, आणि घरचे नेमकं तेच बंद करतात. गोळ्यांचा हिशेब चोख ठेवा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं फार वर्षं अवघड होतं, २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. एकेका गोळीची नोंद लागते. तुम्ही अर्पणाचा हिशेब ठेवता म्हणजे ती सवय तुम्हाला आहेच.

एक गोष्ट मात्र जड जाईल म्हणून आधीच सांगते. तुम्ही सेविका म्हणून वाढलात. पेशंटच्या उशाशी बसल्यावर तोंडातून प्रार्थना आपोआप येते. जिथे घर ख्रिस्ती नाही तिथे ती आवरायची. मरणाच्या दारात असलेला माणूस आपल्यावर सगळ्या बाजूंनी अवलंबून असतो. अशा वेळी आपला विश्वास त्याच्या पुढ्यात ठेवणं हा त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेणं आहे, मग हेतू कितीही चांगला असो. त्याला जे ऐकायचं असेल ते त्याला ऐकू द्या. हे जमणार नसेल तर मंडळीतच राहा, तिथेही तुमची गरज आहे. रागावू नका, पण हे मी प्रत्येक ख्रिस्ती मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगते. मीही ख्रिस्तीच आहे.

आणि मरणं. मंडळीत महिन्याला एखादं दफन असेल. इथे एका आठवड्यात तीन-तीन पेशंट जातात. टीममध्ये त्यावर बोलायला ठरलेली वेळ आहे का ते ट्रस्टला नक्की विचारा. नसेल तर ठेवा म्हणावं.

---

वसईकरीण

मी कॅथलिक, वसईची. धर्मभगिनी होते, आता नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्ही व्रत घेतलेलं नाही. पण ‘देवाचं काम सोडून’ हे वाक्य मीही ऐकलंय, म्हणून लिहिते.

आमच्याकडे कायमचं व्रत घेतलेल्या सिस्टरला एकदम निघायची गरज नसते. आधी काही काळ बाहेर राहण्याची परवानगी मागता येते. संघाच्या प्रमुख सिस्टर आपल्या सल्लागारांच्या संमतीने ती तीन वर्षांपर्यंत देऊ शकतात. मी ती घेतली. डहाणूच्या बाजूला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहिले, झगा नाही, साडी नेसून. मुदत संपत आली तेव्हा मन तपासलं. परत जायची इच्छा नव्हती, भीतीही नव्हती. मग व्रतातून मुक्तीचा अर्ज केला. ती मुदत मिळाली नसती तर मी एक तर घुसमटत राहिले असते किंवा रागाने निघाले असते. तुमच्या मंडळीत बिनपगारी रजेची सोय असेल तर विचारून बघा. सहा महिने मिळाले तरी खूप.

दुसरं सांगायचंय ते रविवारचं. आजवर चर्चमध्ये गेलात की तुम्हाला काम असायचं. कुठे उभं राहायचं, कुणाला काय द्यायचं, सगळं ठरलेलं. नोकरी सोडल्यावर पहिल्या रविवारी तुम्ही मंडळीत नुसत्या बसाल, आणि लोकांना तुमच्याशी काय बोलावं कळणार नाही. काही जण टाळतीलही. मी दोन महिने दुसऱ्या पॅरिशला जात होते. मग आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईने मला बोलावून आपल्या शेजारी बसवलं, ‘माझ्याकडे मिस्साचं पुस्तक धरायला कोण नाही’ म्हणाली. तिला डोळ्यांनी चांगलं दिसत होतं. तुम्हाला अशी कुणी भेटो. नाही भेटली तरी आपल्याच मंडळीत जात राहा, जागा बदलू नका.

---

जुना खजिनदार

भावनेच्या बाजूवर बोलायला मोठी माणसं आहेत. मी कागदाचं सांगतो, कारण यात भली माणसं अडकलेली पाहिली आहेत.

नेमणूकपत्र शोधा. त्यावर सही कुणाची, मंडळीच्या सेक्रेटरींची, डायोसिसची (बिशपच्या प्रांताची) की मालमत्ता सांभाळणाऱ्या चर्च ट्रस्टची? सगळं त्यावर ठरतं. पीएफ कापला जातो म्हणता, तर यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) चालू करून पासबुक बघा आणि मंडळीचा हिस्सा दर महिन्याला भरला गेलाय का ते तपासा. नवीन ट्रस्टमध्ये पीएफ असेल तर पैसे काढू नका, खातं तिकडे वळवा. पेन्शन योजनेत दहा वर्षांची नोकरी भरत असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. थोड्यासाठी दहा वर्षं राहत असतील तर पैसे काढून ती वर्षं घालवू नका.

ग्रॅच्युइटी मागायला संकोच करू नका. तिचा कायदा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी. पाच वर्षं सलग झाली की शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, आणि झालेल्या वर्षांनी गुणायचं. मंडळीला तो लागू आहे की नाही यावर कमिटीत वाद होईल, काही जण ‘ही सेवा आहे, नोकरी नाही’ म्हणतील. पगारपत्रकावर सही घेताना ती नोकरी होती. लेबर ऑफिसात किंवा चांगल्या वकिलाला एकदा विचारा, वाद न घालता.

क्वार्टर. कंपाउंडची जागा बहुधा चर्चच्या मालमत्ता ट्रस्टच्या नावावर असते, मंडळी फक्त वापरते. त्यामुळे कुणा पंचाने तोंडी ‘राहा गं वर्षभर’ म्हटलं तर त्यावर विसंबू नका. मुलाची बारावीची परीक्षा होईपर्यंत नाममात्र भाड्यावर राहू द्यावं, असा अर्ज राजीनाम्याबरोबरच द्या. परीक्षेचं कारण कुणी नाकारत नाही. रहिवासी दाखला, गॅस, रेशनकार्ड, सगळ्यांवर कंपाउंडचा पत्ता असणार, ते आत्ताच बघून ठेवा.

चार्ज देताना यादी करा. कुठली रजिस्टरं, कुठल्या पानापर्यंत, पावतीपुस्तकं किती नंबरपासून किती नंबरपर्यंत, कपाटाच्या किल्ल्या. दोन पंचांच्या सह्या, एक प्रत आपल्याकडे. लग्नांच्या नोंदी सरकारी रजिस्ट्रारकडे पाठवलेल्या आहेत का ते निघण्याआधी बघा. १८७२ च्या कायद्याने त्या पाठवाव्या लागतात, आणि राहून गेल्या तर पुढे एखाद्या जोडप्याला नडतं.

---

कंपाउंडमधली सेविका

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. रोज रात्री मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. लक्ष्मीबाईंचा भाग त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला.

तरुण पंच, तुमचा प्रश्न मनात घर करून राहिला, म्हणून आधी तुम्हाला उत्तर. मुलांना सोडताना वाईट वाटणार आहे, खूप. पण प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाला जेवणाच्या पंगतीच्या कामावर नेमलं होतं, आठवतं? सहाव्या अध्यायात विधवांना वाढण्याचं काम, आणि आठव्या अध्यायात तो गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर एका परक्या माणसाच्या रथात बसलाय. पंगत सोडून गेला म्हणून कुणी त्याला बोल लावल्याचं लिहिलेलं नाही. वाढायला बाकीचे सहा जण होते. माझ्यामागे कुणी नाही, हे तुमचं खरं आहे, आणि त्याची सोय करूनच मी निघेन. कॉलेजात जाणाऱ्या दोघी तयार झाल्या आहेत. या रविवारी त्यांतल्या एकीने योनाची गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा वेगळी सांगितली, मुलांना माशाच्या पोटात बसवून अंधारात मोजायला लावलं. छान सांगितली.

मिरजच्या सिस्टर, तुमचं बोलणं ऐकून मला राग आला नाही. एक सांगते. मागे आम्ही पाथर्डीच्या बाजूच्या एका वारकरी आजोबांकडे जायचो. त्यांना अन्ननलिकेचा आजार. एकदा त्यांची मुलं शेतात होती आणि ते म्हणाले, ‘बाई, तुला वाचता येतं ना, मला चार अभंग वाचून दाखव.’ मी वाचले. टिळकांच्या अभंगांवर वाढलेली मी, चाल जिभेवर होतीच. आजोबा डोळे मिटून बोटाने ताल धरत होते. घरी येऊन मी माझ्या पद्धतीने प्रार्थना केली, त्यांच्यासाठी. त्यांच्यासमोर केली नाही. मला वाटतं मला हे जमेल. जमलं नाही तर टीममध्ये सांगेन. आणि ठरलेली वेळ असते का ते विचारलं. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळे बसतात, त्या आठवड्यात गेलेल्या पेशंटची नावं घेतात.

पाळकसाहेबांकडे गेले होते. घरी, संध्याकाळी. आधी ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘त्या आजींच्या घरी मी भाकर द्यायचो आणि तू खाटेकडे बघत बसायचीस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.’ बाईसाहेब, म्हणजे साहेबांच्या पत्नी, रडल्या. प्रार्थना करून पाठवण्याची गोष्ट मी काढली तर साहेब म्हणाले कमिटीपुढे ठेवतो. कमिटीत विरोध होईल, हेही त्यांनी सांगितलं. बिनपगारी रजा मात्र मिळणार नाही, तशी तरतूदच नाही.

वसईच्या ताई, त्या म्हाताऱ्या बाईंबद्दल वाचून मी पुष्कळ वेळ थांबले. आमच्या महिला मंडळातली जी बाई मला बोलली, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मी परवा तिच्याकडे गेले. नोकरीचा विषय दोघींनीही काढला नाही. सासूबाईंच्या टाचांना लाली आली होती, उशी कुठे ठेवायची ते दाखवून आले.

खजिनदार काका, नेमणूकपत्र सापडलं, सही डायोसिसच्या अधिकाऱ्यांची आहे. पासबुकात मधले काही महिने भरलेले दिसत नाहीत. हे मंडळीला आधी विचारू की थेट पीएफ ऑफिसला?

---

जुना खजिनदार

आधी मंडळीच्या खजिनदारांना लेखी विचारा, महिन्यांची यादी देऊन, आणि पोच घ्या. पुष्कळदा चलन भरलेलं असतं, नोंद चुकलेली असते. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका. राजीनामा देण्यापूर्वीच हे करा. नोकरीत असताना मागितलेला हिशेब लवकर मिळतो. आणि त्या महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, कपात दाखवणाऱ्या, आजच झेरॉक्स करून ठेवा.

---

कंपाउंडमधली सेविका

पावत्या सापडल्या, एक सोडून सगळ्या. उद्या पत्र देते. राजीनामा कापणीच्या सणानंतर, लिलावाचा हिशेब बंद करून. क्वार्टरचा अर्ज मिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलाय, तारीख तेवढी घालायची बाकी आहे.